लढाऊ विमानातून प्रवासी विमानात

हवाई दलात लढाऊ विमाने उडवून झाल्यावर मी एका प्रवासी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून रुजू झालो आणि तेव्हापासून दोन्हीकडचे लोक मला एकच प्रश्न विचारत आले आहेत की, यातले जास्त कठीण कोणते? स्क्वाड्रनमधल्या जुन्या सहकाऱ्यांच्या मते उत्तर उघड आहे, कारण ऑटोपायलट लावून सरळ रेषेत जाण्याला ते उड्डाण म्हणायलाच तयार नसतात. विमान कंपनीतल्या सहकाऱ्यांनाही उत्तर उघडच वाटते, कारण एका दिवसात चार-चार उड्डाणे आणि पहाटे अडीचचा गजर या गोष्टी आठवड्यामागून आठवडे सोसाव्या लागल्या की माणसाचे काय होते, हे लढाऊ वैमानिकाला कळत नाही अशी त्यांची खात्री असते. मला स्वतःला या स्थित्यंतरात सर्वांत जड गेली ती मात्र या दोन्ही उत्तरांत न येणारी गोष्ट होती. एकट्याने विचार करून तत्काळ कृती करायची, ही सवय माझ्यात वर्षानुवर्षे मुद्दाम रुजवलेली होती. आता डोक्यात चाललेला प्रत्येक विचार शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा रीतीने करायचा होता.

सुरुवात अर्थातच कागदपत्रांपासून झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांप्रमाणे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटच्या परवान्यासाठी किमान १५०० तासांचा अनुभव लागतो आणि त्यात रात्रीचे १०० तास, उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणाचे ७५ तास असे पोटहिशेबही असतात. मालवाहू विमाने उडवणाऱ्या लष्करी वैमानिकाला ही अट फारशी जाचत नाही. लढाऊ वैमानिकाच्या लॉगबुकात मात्र एकेक सॉर्टी (मोहिमेचे एक उड्डाण) तास-सव्वा तासाची असते, तीही बहुधा चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत मोजलेली. नागरी विमानाचा तास ते आपल्या जागेवरून हलल्याबरोबर सुरू होतो आणि परत थांबेपर्यंत चालू राहतो, त्यामुळे धावपट्टीच्या रांगेत घालवलेला वेळही अनुभवात जमा होतो. एका सॉर्टीमागे अर्ध्या दिवसाची तयारी आणि चिकित्सा असते, तिचा लॉगबुकात कुठेच उल्लेख नसतो. दोन प्रकारच्या तासांची अशी तुलना करणे अवघड आहे हे नियामकांनाही मान्य असावे. २००९ साली बफेलोजवळ कोल्गन एअरच्या विमानाला झालेल्या अपघातात ५० जण मृत्युमुखी पडल्यानंतर अमेरिकेने २०१३ पासून सहवैमानिकालाही हा वरच्या दर्जाचा परवाना सक्तीचा केला, पण लष्करी वैमानिकांना तो मर्यादित स्वरूपात ७५० तासांवर मिळण्याची सोय ठेवली. म्हणजे लष्करी तासाचा विनिमयदर तेथे नियमातच लिहून ठेवलेला आहे. तो बरोबर आहे की नाही यावर दोन्ही बाजूंचे वैमानिक कितीही वेळ वाद घालू शकतात.

लेखी परीक्षांतील हवामानशास्त्र, दिशादर्शन, वायुगतिकी हे विषय ओळखीचे होते. विमानाची कामगिरी या विषयाने मात्र मला थांबायला लावले, कारण त्यात संपूर्ण व्यवसायाची मनोवृत्ती दडलेली आहे. दोन इंजिनांचे प्रवासी विमान नेमक्या सर्वांत वाईट क्षणी एक इंजिन गमावेल असे धरूनच प्रत्येक टेकऑफचा हिशेब मांडला जातो. इंजिन गेल्यावर चाके आत घेतलेल्या अवस्थेत त्याला किमान २.४ टक्क्यांच्या चढाने वर जाता आले पाहिजे. जात नसेल तर वजन कमी करायचे, म्हणजे सामान किंवा माणसे खाली उतरवायची. एका इंजिनाच्या लढाऊ विमानात हा हिशेब संभवतच नाही. तेथे इंजिन गेले की हातात असलेला वेग उंचीत बदलून घ्यायचा, उंची पुरेशी असेल तर इंजिन एकदा पुन्हा पेटवून पाहायचे आणि नसेल तर इजेक्शनची मूठ ओढायची. ती मूठ हा त्या विमानाच्या सुरक्षिततेचा शेवटचा थर आहे, आणि प्रवासी विमानाच्या वैमानिकापाशी तो नाही, कारण त्याच्या मागे दीडशेहून अधिक माणसे बसलेली असतात. परीक्षेच्या पुस्तकातले हे आलेख सोडवताना मला पहिल्यांदा जाणवले की, मी आतापर्यंत ज्याला जोखीम म्हणत होतो ती मी स्वतःच्या वतीने स्वीकारलेली होती.

निवड प्रक्रियेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गटचर्चा, सिम्युलेटरमधील चाचणी आणि मुलाखत हे टप्पे सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखेच असतात. मुलाखत घेणाऱ्यांचा एकही प्रश्न हवाई कसरतींवर नव्हता. वरिष्ठाचा निर्णय चुकीचा वाटला तेव्हा तुम्ही नेमके काय बोललात, आणि तुमच्याहून वयाने लहान, अनुभवानेही कदाचित कमी असलेला कॅप्टन डावीकडे बसला असेल तर तुम्हाला चालेल का, याभोवतीच ते फिरत राहिले. प्रश्न शिष्टाचाराचा नव्हता, हे पुढे कळले. विमान कंपनीत ज्येष्ठता रुजू होण्याच्या तारखेवरून ठरते; पूर्वीचा हुद्दा दाराबाहेर ठेवून रांगेत शेवटी उभे राहावे लागते आणि डावीकडच्या खुर्चीपर्यंतचा प्रवास त्या रांगेच्या गतीनेच होतो. स्क्वाड्रनमध्ये चार विमानांचा लीडर असलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो, आणि काहींना ते शेवटपर्यंत पचत नाही.

खरे शिक्षण सुरू झाले ते एअरबस ए-३२० च्या टाइप रेटिंगमध्ये, म्हणजे त्या एका प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेसाठीच्या प्रशिक्षणात. विमान उडवायला सोपे आहे, इतके सोपे की पूर्वीच्या सवयींना तेथे करण्यासारखे काही उरत नाही. त्याचे संगणक सामान्य अवस्थेत २.५ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला भार) पलीकडे ओढूच देत नाहीत आणि ६७ अंशांहून जास्त कलू देत नाहीत; रोजच्या उड्डाणात तर २५ अंशांचा कलही पुरेसा असतो. याउलट लढाऊ विमानात ९ जीपर्यंतचा भार सोसावा लागतो. हेल्मेटसह सहा-सात किलोंचे डोके तेव्हा मानेला साठ किलोंचे वाटते आणि रक्त पायांकडे उतरू लागल्याने नजरेच्या कडा करड्या होत आत सरकतात. जी-सूट पायांवर आणि पोटावर फुगतो, पण त्याच्यावर विसंबून चालत नाही. पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळून धरायचे, श्वास कोंडायचा, दर तीन सेकंदांनी तो झटक्यात सोडून पुन्हा भरायचा आणि हे करत असतानाच मान वळवून मागे असलेला प्रतिस्पर्धी नजरेतून सुटू द्यायचा नाही. भार एकदम वाढला आणि तयारी नसली, तर मेंदूपाशी चार-पाच सेकंदांपुरता प्राणवायू शिल्लक असतो. मानेच्या मणक्यांचे दुखणे घेऊन निवृत्त झालेले वैमानिक मी पुष्कळ पाहिले आहेत. कमी उंचीवरून ४२० नॉट वेगाने जाताना दर सेकंदाला दोनशे मीटरहून अधिक जमीन मागे पडते, आणि समोरच्या टेकडीविषयी कुणाशी चर्चा करायला तेथे ना वेळ असतो ना माणूस. असे उड्डाण करणाऱ्याने मनातल्या मनात निर्णय घ्यावेत, यातच त्याचे कौशल्य असते.

आता तेच मन सिम्युलेटरमध्ये आणून बसवले. टेकऑफची धाव चालू आहे, उड्डाण माझ्याकडे आहे. तरीही इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर हात कॅप्टनचा आहे, कारण टेकऑफ सोडून द्यायचा की नाही हा निर्णय विमान कुणीही उडवत असले तरी त्याचाच असतो. 'व्ही-वन' अशी हाक येते आणि त्याचा हात लिव्हरवरून उचलला जातो. त्यानंतर काहीही झाले तरी थांबायचे नाही, हे त्या उचललेल्या हाताने सर्वांना दिसेल असे सांगितलेले असते. पुढच्याच क्षणी डावे इंजिन पेटते, घंटा वाजू लागते, लाल दिवा लागतो, विमान डावीकडे ओढ घेते. आणि मग काय करायचे? पायाने दिशा सरळ ठेवायची, नाक सावकाश उचलायचे, चाके आत घ्यायला सांगायचे आणि जमिनीपासून किमान ४०० फूट वर येईपर्यंत त्या इंजिनाला हात लावायचा नाही. आग लागलेली आहे हे ठाऊक असताना काही सेकंद केवळ विमान उडवत राहायचे. लढाऊ विमानात याच काही सेकंदांत मी जगायचे की नाही ते ठरवत असे. प्रशिक्षक घंटा बंद करून शांतपणे विचारत, "आता तुझ्या मनात काय चालले आहे ते मोठ्याने सांग." माझ्या मनात पुढच्या चार पायऱ्या तयार असत, पण त्या तोंडाने बोलून दाखवायच्या म्हटल्या की वेग मंदावत असे, आणि त्यांना तोच मंद वेग हवा होता.

पुढचा भाग तर एखाद्या विधीसारखा काटेकोर असतो. उडवणारा विमानाकडे पाहतो, दुसरा पडद्यावरची यादी वाचतो. बाधित इंजिनाचा लिव्हर मागे घेण्यापूर्वी, त्याचा मास्टर स्विच बंद करण्यापूर्वी, आगीचे बटण दाबण्यापूर्वी ज्याने ते करायचे तो त्यावर बोट ठेवून थांबतो, आणि दुसऱ्याने प्रत्यक्ष नजर टाकून होकार दिल्याशिवाय पुढे जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटेल. १९८९ च्या जानेवारीत केगवर्थजवळ बोइंग ७३७-४०० कोसळले तेव्हा बिघाड डाव्या इंजिनात होता आणि वैमानिकांनी घाईत चांगले असलेले उजवे इंजिन बंद केले होते. ४७ माणसे गेली. २०१५ साली तैपेई येथे ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानातही चालू इंजिनाचाच लिव्हर मागे ओढला गेला आणि ४३ जणांचा मृत्यू झाला. बोट ठेवून थांबण्याची ती दोन सेकंदे अशा अपघातांच्या हिशेबातून आलेली आहेत.

क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे कॉकपिटमधल्या सर्वांनी एकमेकांशी बोलून काम करण्याचे शास्त्र, हा विषय वर्गात शिकवला जातो आणि लष्करातून आलेली मंडळी तो बहुधा हसण्यावारी नेतात, कारण त्याची भाषा मानव संसाधन विभागाच्या परिपत्रकासारखी असते. त्यामागचा इतिहास मात्र हसण्यासारखा नाही. १९७७ च्या मार्च महिन्यात टेनेरिफच्या धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. टेकऑफ सुरू केलेल्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान अजून धावपट्टीवरच असावे अशी शंका बोलून दाखवली होती, ती झटकून टाकली गेली. पुढच्याच वर्षी पोर्टलंडजवळ युनायटेडचे डीसी-८ चाकांच्या बिघाडाचा विचार करत घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून कोसळले. इंधन उतरत चालल्याचे कॉकपिटमध्ये बोलले गेले होते, पण ठामपणे नाही. १९७९ साली नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून हे प्रशिक्षण आकाराला आले आणि १९८१ पासून युनायटेडने ते आपल्या वैमानिकांना देण्यास सुरुवात केली. मला त्यातले पटले ते एवढेच की, शंका ही मनात असेपर्यंत विमानाच्या काहीही उपयोगाची नसते.

हडसन नदीत विमान उतरवणारे सलनबर्गर हे पूर्वी एफ-४ फँटम उडवत असत आणि २०१८ साली हवेत इंजिन फुटलेले साउथवेस्टचे ७३७ उतरवणाऱ्या टॅमी जो शल्ट्स अमेरिकी नौदलात एफ/ए-१८ उडवत असत, हे दाखले आमच्याकडे छाती फुगवून दिले जातात. मीही देत असे. पण सलनबर्गर यांनी हवाई दल १९८० साली सोडले होते. २००९ च्या त्या दिवसापूर्वीची जवळजवळ तीन दशके त्यांनी प्रवासी विमानांतच काढली होती. पक्षी आदळल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत साडेतीन मिनिटे मिळाली. त्या वेळात इंजिन पुन्हा सुरू करण्याची यादी सहवैमानिक जेफ्री स्काइल्स चालवत होते, आणि अगदी शेवटच्या क्षणांत सलनबर्गर यांनी त्यांना आणखी काही सुचते आहे का असे विचारल्याचे कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे. स्काइल्स यांचे लष्कराशी नाते नव्हते आणि ए-३२० वर ते अगदी नवे होते. सेकंद उरलेले असताना नव्या सहकाऱ्याला प्रश्न विचारणे हे मला कोणत्याही स्क्वाड्रनमध्ये कुणी शिकवले नव्हते.

लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी असलेल्या विमानात प्रशिक्षक कॅप्टनसोबतचे प्रशिक्षण, संपून नियमित उड्डाणे सुरू झाली आणि मग दुसऱ्याच प्रकारची मागणी पुढे आली. यात पराक्रमाला वाव नसतो, पण झोपेचे गणित सतत मांडावे लागते. रात्री दोन ते पहाटे सहा या काळात शरीराची सतर्कता सर्वांत खालच्या पातळीवर असते, हे उड्डाण-वेळेच्या मर्यादांचे नियमही गृहीत धरतात, आणि कितीही मनोनिग्रह असला तरी त्या वेळेत केलेले लँडिंग दुपारच्या लँडिंगसारखे नसते. हवाई दलात रात्रीची सॉर्टी असली की संपूर्ण दिवस तिच्यासाठी राखलेला असे. इथे आज पहाटेची ड्यूटी, दोन दिवसांनी रात्रीची, मध्ये एक सुट्टी, असे रोस्टर महिनोन्‌महिने चालते. त्यातच निम्म्या उड्डाणांत माझे काम विमान उडवण्याचे नसून उडवणाऱ्यावर आणि यंत्रांवर लक्ष ठेवण्याचे असते. नॉर्मन मॅकवर्थ यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या रडार चालकांसाठी केलेल्या आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले होते की, क्वचितच काही घडणाऱ्या पडद्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाची नजर अर्ध्या तासातच मंदावते. प्रवासी विमानाचा वैमानिक अशा पडद्यासमोर वर्षाला आठ-नऊशे तास बसू शकतो. काहीही न घडण्याकडे लक्ष देत राहण्याचे हे श्रम जुन्या सहकाऱ्यांना समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला आहे. ते हसतात आणि विषय बदलतात.

लँडिंगच्या बाबतीतही दोन जगांचे मापदंड वेगळे आहेत. लढाऊ विमान धावपट्टीच्या वरून वेगाने येते, तिच्या माथ्यावर असताना कलंडून वळते आणि दोनेक मिनिटांत टेकते. वेग, चाके, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली येणाऱ्या पट्ट्या) यांची जुळवाजुळव वळणातच होते आणि ती जितकी सफाईने होईल तितकी तारीफ होते. प्रवासी विमानात १००० फुटांवर सर्व काही स्थिर झालेले असले पाहिजे : चाके खाली, फ्लॅप अखेरच्या स्थितीत, वेग ठरलेला, इंजिनांचा जोर योग्य. नसेल तर वर जायचे आणि पुन्हा यायचे. गो-अराउंड केल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही, पण अस्थिर अवस्थेत उतरल्यास विमानातील नोंदी दुसऱ्या दिवशी सुरक्षा विभागाच्या संगणकावर उमटतात आणि फोन येतो, मग लँडिंग कितीही मऊ झालेले असो. कमी इंधनाचेही तसेच. लढाऊ विमानात इंधन ठरलेल्या आकड्यावर आले की मोहीम अर्धवट टाकून परत फिरतात. प्रवासी विमानात शेवटच्या ३० मिनिटांचे राखीव इंधन हात न लावण्याचे समजले जाते आणि ते मोडावे लागणार असे दिसताच 'मेडे फ्युएल' अशी इंधनाच्या आणीबाणीची हाक पुकारावी लागते. या शिस्तीत मला दोन्हीकडे फारसे अंतर वाटले नाही.

एका बाबतीत मात्र हवाई दल कितीतरी पुढे आहे, असे माझे आजही ठाम मत आहे. सॉर्टी संपली की तिच्याहून जास्त वेळ डीब्रीफिंग चाले. नोंदी लावून, कोण कोणत्या सेकंदाला कुठे होता हे फळ्यावर काढून, लीडरचा हुद्दा काहीही असला तरी सर्वांत कनिष्ठ विंगमन त्याच्या निर्णयावर बोट ठेवू शकत असे, आणि लीडरकडून ते ऐकून घेण्याची अपेक्षाच असे. विमान कंपनीत सिम्युलेटरच्या सहामाही तपासणीनंतर असे बोलणे होते. प्रत्यक्ष उड्डाणानंतर जवळजवळ होत नाही. संगणक मर्यादा ओलांडल्याचे सांगतो, पण मर्यादेच्या आत राहून घेतलेल्या वाईट निर्णयाविषयी तो काही बोलत नाही. अलीकडे मी दिवसाचे शेवटचे विमान उभे केल्यावर, इंजिने बंद करून यादी पूर्ण झाली की, शेजारच्याला एक प्रश्न विचारतो : आज माझ्या कोणत्या गोष्टीने तुम्हाला अस्वस्थ केले? काही कॅप्टन खुर्ची मागे सरकवून खरोखर विचार करतात आणि दहा मिनिटे बोलतात. एकाने वादळाला वळसा घालताना मी दिशा आधी ठरवली आणि कारण नंतर सांगितले हे नेमके टिपले होते. बहुतेक वेळा मात्र खाली क्रूची बस उभी असते, पुढच्या ड्यूटीपूर्वीच्या किमान विश्रांतीचे तास मोजायला लागलेले असतात आणि कॅप्टन म्हणतात, "सगळं ठीक होतं, चला."